फिश डीएनए बारकोडिंग सर्व्हिस: सीक्वेन्सला पैसे द्या, रिपोर्टला नको

साडेतीन स्टार देतेय. तीन सीक्वेन्सिंगला आणि अर्धा त्यांच्या फोनवरच्या मुलीला. रिपोर्टला शून्य.

लॅबचं नाव लिहीत नाहीये कारण हा एकाच लॅबचा प्रॉब्लेम नाही. दुसऱ्या कॉलेजांतल्या मैत्रिणींचे रिपोर्ट मागवून बघितले, लॅब वेगळी, लोगो वेगळा, आतला साचा तोच. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या पॅकेजचा समजा, ज्याला सगळे फिश बारकोडिंग पॅकेज म्हणतात. तुम्ही माशाच्या पराचा तुकडा पाठवायचा, ते डीएनए काढतात, पीसीआर लावून त्याच्या प्रती वाढवतात, सँगर सीक्वेन्सिंगने त्याची अक्षरं वाचतात आणि शेवटी एक रंगीत पीडीएफ येते, त्यात माशाचं शास्त्रीय नाव आणि उत्क्रांतीचं एक झाड. आम्हाला एका सॅम्पलचे अडीच हजारांच्या आसपास पडले, वर अठरा टक्के जीएसटी.

आमचं कॉलेज पुणे-सोलापूर हायवेच्या अंगाला, उजनीचं पाणी जवळ, त्यामुळे एमएस्सी झूऑलॉजीच्या पोरांना प्रोजेक्टला मासा हा विषय न मागता मिळतो. यंदा म्हटलं नुसते खवले आणि पराचे काटे मोजणं पुरे झालं, जरा जेनेटिक्स करूया, आपल्याकडचे आणि आफ्रिकेतले गोड्या पाण्यातले मासे एकमेकांपासून कसे फुटत गेले हे डीएनएवरून कितपत कळतं ते पोरांना स्वतःच्या सॅम्पलवर बघू दे. पीसीआर मशीन कॉलेजात आहे पण सीक्वेन्सर कुठून असणार, म्हणून बाहेर पाठवलं. भिगवणच्या मासळी बाजारातली चिलापी, एका पोराच्या घरच्या टँकमध्ये मेलेला आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातला पिवळा सिक्लिड (चिलापीच्याच कुळातला), ॲक्वेरियमवाल्याकडून मेलेली मिस केरळा, आणि एका सहकाऱ्याने अल्कोहोलमध्ये जपून ठेवलेले महसीरच्या पराचे तुकडे.

पॅकिंगच्या सूचना त्यांनी नीट पाठवल्या, त्याचे मार्क द्यायलाच हवेत. ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल, तुकडा नखाएवढाच, आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला कारण तुकड्यातलं पाणी बाहेर येऊन अल्कोहोल पातळ होतं आणि मग डीएनए टिकत नाही. फॉर्मॅलिन चालणार नाही हे ठळक अक्षरात. आमच्या म्युझियमच्या कपाटात किती वर्षांपूर्वीचे मासे बरण्यांत तरंगतायत पण सगळे फॉर्मॅलिनमध्ये, त्यात डीएनएचे तुकडे पडतात आणि जे उरतं ते प्रोटीनला असं चिकटून बसतं की साध्या किटने निघत नाही, म्हणजे ती बरण्यांची संपत्ती या कामाला जवळपास बाद. कुरिअरवाल्याने वासावरूनच ओळखलं, म्हणाला मॅडम आत स्पिरिट असेल तर पार्सल जाणार नाही, मग जादाचं इथेनॉल ओतून टाकून ओलसर तुकडे नळ्यांत ठेवले, झाकणावर पॅराफिल्म गुंडाळली आणि पाठवलं. काही बिघडलं नाही.

आता सीक्वेन्सिंग. हे खरंच चांगलं केलंय. सीओवन जीनची (याच तुकड्याला बारकोड म्हणतात) साधारण ६५५ अक्षरं, दोन्ही टोकांकडून वाचलेली, एबीवन फाइल (मशीनने काढलेला मूळ आलेख) उघडली की एकेक पीक सुटं आणि उंच, मुलांना क्रोमॅटोग्राम शिकवायला यापेक्षा चांगलं काय पाहिजे. महसीरच्या एका सॅम्पलमध्ये मध्येच दुहेरी पीक दिसत होते, फोन केला तर वाद न घालता पुन्हा पीसीआर लावून फुकट पाठवलं. आणि हे सगळं सांगितलेल्या तारखेच्या आत. इथपर्यंत पाच स्टार लिहायला हात शिवशिवत होता.

मग पीडीएफ उघडली.

पहिली चिलापी. रिपोर्टमध्ये ठसठशीत अक्षरात, ओरिओक्रोमिस मोसांबिकस, १०० टक्के मॅच, आणि खाली शेरा की सॅम्पल या जातीचंच असल्याची खात्री झाली आहे. आता ज्याने भिगवणला मासे घेतलेत त्याला माहितीय की उजनीत चिलापी म्हणून जे येतं ते सगळं एकसारखं नसतं. आम्ही पाठवलेल्या माशाच्या शेपटीवर उभे पट्टे होते, फोटो काढून ठेवलेत, आणि ते पट्टे नाइल तिलापियाची खूण आहे, मोसांबिकसची नाही. बाजारातले मामा तर बघूनच म्हणाले होते, ताई ही मिक्स आहे. मग मामा बरोबर की डीएनए बरोबर?

दोघं बरोबर, आणि तेच त्या शेऱ्यात यायला पाहिजे होतं. सीओवन हा जीन मायटोकॉन्ड्रियातला (पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग), आणि मायटोकॉन्ड्रिया येतो फक्त आईकडून. बाप नाइल तिलापिया असो, आजोबा असो, या ६५५ अक्षरांत त्याचा मागमूस नाही. मोसांबिकस भारतात आणली १९५२ मध्ये, नाइल तिलापिया नंतर आली, वर १९८८ पासून फिलिपिन्समध्ये निवड करकरून तयार केलेलं गिफ्ट नावाचं तिचंच वाढीला जोरदार वाण पण आहेच, आणि ओरिओक्रोमिसच्या जाती एकत्र आल्या की बिनदिक्कत संकर करतात. म्हणजे आमच्या माशाबद्दल बारकोड एवढंच सांगतो की आईची, आईच्या आईची, तिच्या आईची लाइन मोसांबिकसची आहे. मासा शुद्ध आहे की मिक्स हे बघायला न्यूक्लिअर डीएनएवरच्या खुणा लागतात, दोन्ही पालकांकडून आलेल्या, मायक्रोसॅटेलाइट म्हणा नाहीतर स्निप म्हणा. खात्री झाली आहे असं लिहिणं म्हणजे सातबारावर एकीचंच नाव बघून बाकी वारसच नाहीत म्हणण्यासारखं. आणि हा रिपोर्ट एखाद्या मत्स्यबीज केंद्रवाल्याने घेतला असता तर? तो त्यावर पिल्लं विकायला मोकळा.

दुसरा, मालावीचा पिवळा. इथे तर मजा आहे. रिपोर्टने नाव दिलं लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, १०० टक्के. नाव बरोबरच होतं, दुकानातला इलेक्ट्रिक यलो तोच. पण मी तोच सीक्वेन्स स्वतः ब्लास्टमध्ये (डेटाबेसमधल्या सीक्वेन्सशी ताडून बघायचं फुकट साधन) टाकला तर तेवढ्याच किंवा केसभर कमी मॅचने मालावीच्या दुसऱ्या जातींची रांग लागली होती, लॅबने वरची पहिली ओळ उचलून चिकटवलेली. म्हणजे मासा ओळखला तो रंगावरून आम्ही, बारकोडने नाही. मालावी सरोवरातल्या खडकांत राहणाऱ्या म्बुना माशांमध्ये एकच मायटोकॉन्ड्रियल अक्षरमाळ वेगवेगळ्या जातींत सापडते हे नव्वदच्या दशकातच दिसलं होतं, नवीन काही नाही.

याचं कारण पोरांना समजावताना माझा अख्खा तास गेला पण तो तास या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला होता. ज्या प्रायमरने (पीसीआर कुठून सुरू करायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) आपले बारकोड काढतात त्यांची मोठी चाचणी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातल्या २०७ जातींवर झाली होती, तिथे एकाच जातीतल्या दोन माशांमध्ये सरासरी ०.३९ टक्के फरक आणि एकाच वंशातल्या दोन जातींत ९.९३ टक्के. एवढी रुंद दरी असली की कुठलाही मासा कुठल्याही बाजूला टाकता येतो. पण ते समुद्रातले, लाखो वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटलेले मासे. आफ्रिकेच्या सरोवरातले सिक्लिड कालपरवाचे आहेत. मालावीच्या ७३ जातींचे १३४ जीनोम (म्हणजे माशाचा अख्खा डीएनए) वाचून २०१८ मध्ये जे काम आलं त्यात दोन जातींमधला सरासरी फरक ०.१ ते ०.२५ टक्के निघाला, अख्ख्या जीनोममध्ये. दोन माणसं घेतली तर त्यांच्यातही ०.१ टक्क्याच्या आसपास असतो. आणि इथे एक मासा शेवाळ खरवडून खाणारा, दुसरा वाळू चाळणारा, तिसरा दुसऱ्या माशांना गिळणारा, जबडे बघितले तर वाटेल यांची ओळखसुद्धा नसेल.

व्हिक्टोरिया सरोवराचं तर विचारूच नका. तळाच्या गाळावरून दिसतं की साधारण १५ हजार वर्षांपूर्वी ते कोरडं पडलं होतं, आणि आज तिथल्या सिक्लिड जाती ५०० च्या घरात मोजतात. एवढ्या कमी वेळात नवीन म्युटेशन होऊन होऊन किती होणार, गणित बसत नाही. मग ही विविधता आली कुठून? २०१७ मध्ये उत्तर आलं ते जीनोम वाचूनच. व्हिक्टोरियाच्या परिसरातल्या या माशांचे पूर्वज दोन वेगळ्या घराण्यांच्या संकरातून आले, एक काँगोच्या बाजूचं आणि एक वरच्या नाइलचं. दोन्हीकडचे जुने जीन एकत्र आले आणि मग त्यांचीच वेगवेगळी जुळणी होत जाती फुटत गेल्या. डोळ्यातला लाल रंग टिपणारा ऑप्सिन जीन घ्या, त्याचे दोन प्रकार त्या दोन घराण्यांमधून आलेले, आणि पुंडामिलिया वंशात उथळ पाण्यातला निळा नर आणि खोल पाण्यातला लालसर नर अशा दोन जाती उभ्या राहिल्या त्यात त्या जीनचा हात आहे. व्हिक्टोरियाच्या पाण्यात खोलवर निळा उजेड पोचत नाही, लाल पोचतो, म्हणून तिथल्या मादीला लाल नर नीट दिसतो. पाणी गढूळ झालं की हे ओळखणंच बिघडतं आणि दोन्ही जाती पुन्हा मिसळायला लागतात.

आता हे सगळं त्या ६५५ अक्षरांमधून दिसेल का? नाही दिसणार. संकर दिसणार नाही कारण बापाची बाजूच नाही, आणि जाती दिसणार नाहीत कारण वेळच झालेला नाही. माझं म्हणणं एवढंच की लॅबने हे दोन वाक्यांत लिहावं, सॅम्पल सिक्लिडचं आहे, या जीनवरून जात नक्की सांगता येत नाही, संपलं. त्यात कमीपणा कसला. उलट विश्वास बसेल.

बाय द वे आपल्या चिलापीला हसू नका, २०१४ मध्ये आफ्रिकन सिक्लिडचे पाच जीनोम एकदम जाहीर झाले त्यातला एक नाइल तिलापियाचाच होता, बाकीच्या सरोवरवाल्यांशी तुलना करायला हीच. ढाब्यावर चिलापी फ्राय खाताना आमच्या पोरांना आता हे आठवतं, आणि काहींनी तर ताटातल्या शेपटीवरचे पट्टे बघायला सुरुवात केलीय.

महसीर. इथे चूक लॅबची थोडी आणि डेटाबेसची जास्त. रिपोर्ट म्हणतो टोर खुद्री, मॅचच्या यादीत मात्र वेगवेगळ्या नावांचे टोर एकाच टक्केवारीवर बसलेले. महसीरच्या नावांचा घोळ जुना आहे, लोकांनी जे नाव वाटलं ते लावून सीक्वेन्स जमा केले आणि ते तसेच राहिले, त्यामुळे बहुमताने नाव ठरवलं तर चुकण्याचीच शक्यता. आणि टोर खुद्री तर आपल्या घरचा मासा, कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं वर्णन केलेलं, म्हणजे खऱ्या खुद्रीशी तुलना करायची तर याच नदीखोऱ्यातलं सॅम्पल हवं. पुढे लोणावळ्याला टाटांच्या हॅचरीत याची पैदास झाली, तिथून बोटुकली लांब लांब गेली, कावेरीत पण सोडली, आणि कावेरीत आधीपासून जो तिथलाच मोठ्या कुबडाचा महसीर होता तो मागे पडत गेला. त्या कुबडवाल्याला वर्षानुवर्षं शिकारी लोक ओळखत होते, पण शास्त्रीय नाव नक्की कोणतं हे ठरायला २०१८ उजाडलं, शरीराची मापं आणि डीएनए दोन्ही एकत्र बघितल्यावर कळलं की तो टोर रेमादेवी. आणि तोपर्यंत अतिसंकटग्रस्त. म्हणून म्हणते की महसीरच्या रिपोर्टवर नाव छापताना जरा हात आखडता घ्यावा, त्या नावावरून पुढे कोणीतरी नदीत पिल्लं सोडणार असतं.

मला खरं जे बघायचंय ते वेगळंच आहे. घाटमाथ्याच्या या बाजूचा कृष्णा-भीमेचा महसीर आणि पलीकडे कोकणात उतरणाऱ्या नद्यांमधला, महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले आहेत ना तसले, यांच्यात किती अंतर पडलंय. पाणी इकडचं तिकडे जात नाही, मासा डोंगर चढत नाही. अर्थात देवीच्या माशाचा पर कापायला कोण देणार, आणि देऊही नये.

मिस केरळाबद्दल फार लिहीत नाही कारण तिथे पॅकेजने पैसे वसूल केले. सह्याद्रिया डेनिसोनी, मॅच स्वच्छ. या माशाच्या वेगवेगळ्या नद्यांमधल्या गटांवर २०१३ मध्ये काम झालंय, बाहेरून एकसारखी दिसणारी लाल रेघेची मिस केरळा आतून अनेक वेगळ्या वंशरेषांची निघाली, आणि त्याच वर्षी सह्याद्रिया हा वंश पण वेगळा केला गेला. आमच्या सीक्वेन्सवरून दुकानातला मासा त्यातल्या कुठल्या रेषेच्या जवळचा आहे याचा अंदाज पोरांना बांधता आला. गट जुने असतील, नदीनदीत अडकलेले असतील, तर एकच जीन पण बरंच काही बोलतो. हाच फरक त्यांना समजला पाहिजे होता आणि समजला.

झाडाचं सांगते. प्रत्येक रिपोर्टला जोडलेलं ते उत्क्रांती वृक्ष म्हणजे ब्लास्टच्या पहिल्या दहा मॅच घेऊन काढलेलं नेबर जॉइनिंग झाड, म्हणजे नुसत्या फरकाच्या टक्केवारीवरून जवळच्याला जवळ जोडत केलेलं. बाहेरचा तुलनेचा मासा नाही, म्हणजे मूळ कुठे ते कळत नाही. फांदीची लांबी दिलीय पण कशाच्या मापात ते नाही. आमच्या वर्गात एक सावंतवाडीकडची मुलगी आहे, तिने विचारलं की आमच्याकडची कालुंदर पण सिक्लिडच ना, मग ती चिलापीपासून कधी वेगळी झाली. प्रश्न एकदम नेमका. कालुंदरचे सगळ्यात जवळचे नातेवाईक आफ्रिकेत नाहीत, मादागास्करमध्ये आहेत, आणि यावरून अभ्यासकांमध्ये अजून जुंपलेली आहे. भारत आणि मादागास्कर साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तेव्हाच हे मासे वाटले गेले असं एक म्हणणं, तर २०१३ मध्ये जीवाश्मांच्या आधारे सिक्लिडचं वयच साडेसहा कोटी वर्षांच्या आतबाहेर काढलं गेलं, म्हणजे मग समुद्र ओलांडूनच गेले असणार. असल्या प्रश्नाला पुष्कळ जीन लागतात, जीवाश्म लागतात, आणि डीएनए बदलायच्या घड्याळाचा वेग कोणता धरला ते सांगावं लागतं. दहा मॅचच्या झाडाखाली ‘उत्क्रांती विश्लेषण’ असं हेडिंग द्यायचं आणि त्याचे वेगळे पैसे लावायचे हे मला पटलं नाही.

नंतर त्यांच्या सेल्सवाल्याचा फोन आला, मॅडम तुम्ही प्रीमियम घ्या, पूर्ण मायटोजीनोम देतो. म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा अख्खा डीएनए, साडेसोळा हजार अक्षरं. मी म्हटलं अहो पण ती सगळी आईकडचीच ना, चिलापीचा बाप त्यात कुठे सापडणार? तो म्हणाला टेक्निकल टीमशी बोलून सांगतो. मग त्या मुलीचा फोन आला जिच्यासाठी अर्धा स्टार आहे. तिने सरळ सांगितलं की मॅडम संकर बघायचा असेल तर हे घेऊ नका, न्यूक्लिअर मार्कर घ्या, आणि महसीरला ते आम्ही सध्या देत नाही कारण त्याचे क्रोमोसोम १००, रोहूसारख्या माशाच्या दुप्पट, एकेका जीनच्या प्रती जास्त, आमची नेहमीची पद्धत त्यावर गोंधळते. विकायला बसलेल्या जागेवरून कोणी घेऊ नका म्हणतं का हल्ली? तिने म्हटलं. रिपोर्ट पण तिलाच लिहायला द्या.

दुसऱ्या बॅचला मी कोटेशनमध्येच लिहून घेतलं, फक्त एक्स्ट्रॅक्शन, पीसीआर आणि दोन्ही बाजूंचं सीक्वेन्सिंग, एबीवन फाइल मिळालीच पाहिजे, ॲनालिसिस नको. रेट लगेच खाली आला, एका सॅम्पलमागे सातशेच्या आसपास वाचले. ॲनालिसिस पोरांनी केलं, सगळी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, मायटोकॉन्ड्रियाचा कोड लावून मध्येच स्टॉप कोडॉन (प्रोटीन इथे संपलं असं सांगणारी अक्षरं) येत नाही ना तेवढं आधी बघायचं, मग ब्लास्ट, आणि पहिल्या ओळीवर न थांबता पूर्ण यादी खालपर्यंत वाचायची. फोटो आणि मासा दोन्ही जपून ठेवायचं, नुसता तुकडा पाठवून मासा फेकून दिला तर नंतर शंका आली की काही हातात राहत नाही.

कॉलेजच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) काम करतात, ॲडव्हान्स मागत नाहीत, बिलावर जीएसटी नंबर नीट येतो आणि उरलेला डीएनए मागितला तर परत पाठवतात, फक्त कुरिअरचे पैसे आपले.